पाण्यावरचा संसार

समुद्रप्रवासाची पुस्तके आमच्या घरात दोघे जण वाचतात. आमचे ‘हे’ ती वादळासाठी वाचतात आणि मी स्वयंपाकासाठी वाचते. पुस्तक एकच असते, ग्रंथालयातून आणलेले, कोपरे दुमडलेले. पण त्यातली त्यांची पाने निराळी, माझी निराळी. डोलकाठी कडाडली, लाट डेकवरून गेली, सुकाणू निकामी झाले, की हे चष्मा सावरून मोठ्याने वाचू लागतात. मला त्या वेळी एकच शंका येते : लाट निघून गेल्यावर आतली चिखलराड कुणी पुसली? आणि गंमत अशी, की पुस्तकात ते लिहिलेले असते. तीन ओळी वादळाच्या असल्या, तर पुढच्या तीस ओळी पुसण्याच्या, वाळवण्याच्या आणि शिवण्याच्या असतात. वाचणारे त्या ओलांडून पुढे जातात, एवढेच.

माझा हा छंद बराच जुना आहे, आणि इतकी पुस्तके वाचून मी एका ठाम मतापर्यंत आले आहे. शिडाच्या होडीतून महासागर ओलांडणे म्हणजे बहुतेक सारे घरकामच आहे. हे मत मी चारचौघांत बोलून दाखवले, की पुरुषमंडळी हसतात आणि बायका विचारात पडतात. म्हणून आज जरा तपशिलाने सांगते.

‘सुहैली’ नावाच्या होडीचीच गोष्ट घ्या. ही होडी आपल्या मुंबईची लेक. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर काम करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने ती कुलाब्याला बांधून घेतली. अस्सल सागवान, आणि बांधणारे आपले सुतार. वाकसाने तासून, दोरीने फिरवायच्या सामत्याने भोके पाडून त्यांनी तिला उभी केली. डिसेंबर 1964 मध्ये ती पाण्यात सोडली, तेव्हा नाळेवर शँपेनची बाटली न फोडता नारळ फोडला. लांबी सारी 32 फूट. आमची बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर एकापुढे एक ठेवले, तर तेवढेच भरेल. या एवढ्याशा घरात बसून तो गृहस्थ 14 जून 1968 रोजी इंग्लंडातल्या फालमथ बंदरातून निघाला आणि कुठल्याही बंदराला न लागता, कुणाची मदत न घेता, साऱ्या पृथ्वीला वळसा घालून 22 एप्रिल 1969 रोजी फालमथलाच परत आला. 312 दिवस, एकटा. त्याच्याआधी हे कुणीही केले नव्हते. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. शेवटापर्यंत पोचला तो हा एकटाच.

आता या पराक्रमाचा वेग किती, ठाऊक आहे? एकूण अंतर 30,123 सागरी मैल. त्याला 312 दिवसांनी भागा, मग 24 तासांनी भागा. ताशी चार मैल आणि वर थोडेसे! किलोमीटरमध्ये सांगायचे, तर ताशी साडेसात. शिवाजी पार्काला सकाळी झपझप फेऱ्या मारणाऱ्या मंडळींहून जरासा अधिक. आमच्या ह्यांना हा आकडा मुळीच आवडला नाही. पराक्रम म्हटला की तो वाऱ्यासारखा धावला पाहिजे, असे त्यांना वाटते. मला मात्र हा आकडा फार आवडला. ताशी चार मैल हा घराचा वेग आहे. पोळ्या याच वेगाने होतात. मुलेही याच वेगाने मोठी होतात.

घर म्हटले, की पहिली गोष्ट चूल. समुद्रावर होडी रात्रंदिवस कलती असते. कधी या कुशीवर, कधी त्या कुशीवर, आणि मधूनच तोंड वर करून. अशा ठिकाणी भांडे ठेवायचे कसे? त्यासाठी स्टोव्ह दोन बाजूंच्या खिळींवर टांगलेला असतो. आपला लामणदिवा कसा, साखळी हलली तरी सरळच राहतो, तसा हा स्टोव्ह होडी कितीही कलंडली तरी सपाट राहतो. कलतो तो स्वयंपाक करणारा. म्हणून तो कमरेला पट्टा लावून स्वतःलाच ओट्याशी बांधून घेतो. भांडे कधी अर्ध्याहून वर भरायचे नाही, उकळते पाणी आपल्या अंगाच्या बाजूला ओतायचे नाही, आणि एका हाताने काम करताना दुसरा हात कशाला तरी धरलेला हवा. कडेवर मूल घेऊन ज्यांनी वरण ढवळले आहे, त्या भगिनींना हे नव्याने शिकवायला नको.

मग कोठीची खोली. निघताना शेकडो डबे, बटाट्यांची आणि कांद्यांची पोती. होडीच्या तळाशी पाणी साचते आणि डब्यांवरचे कागद भिजून सुटतात. म्हणून लांबच्या वाटेला निघणारे दर्यावर्दी ते कागद आधीच काढून टाकतात आणि डब्यांवर रंगाने खुणा करतात. नाही तर मटारऐवजी पीच उघडायचे! अंडी व्हॅसलीन चोपडून ठेवतात आणि दर काही दिवसांनी उलटीपालटी करतात. बटाट्यांचे पोते वरचेवर उपसून नासका बटाटा काढावा लागतो, कारण एक नासका साऱ्या पोत्याला आपल्या वाटेला लावतो. हिरवी भाजी संपली, की फडक्यात कडधान्य बांधून मोड आणतात. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून क्षणभर बसून राहिले. पॅसिफिक महासागराच्या मध्यावर, जिथून कुठल्याही बाजूची जमीन हजार मैल दूर, तिथे एक माणूस रात्री मूग भिजत घालतो आणि सकाळी फडके दाबून मोड आले का पाहतो!

पाण्याचे तर विचारूच नका. चहूकडे पाणी आणि पिण्याला थेंब मोजून. सप्टेंबर 1968 मध्ये ‘सुहैली’ दक्षिणेकडच्या खवळलेल्या समुद्रात शिरली, तेव्हा एका लाटेने तिला आडवी केली. ती पुन्हा उभी राहिली. पण पुढे लक्षात आले, की टाक्यांतले गोडे पाणी नासले आहे. मग डब्यांतले थोडे राखीव पाणी आणि बाकी भिस्त पावसावर. पाऊस आला, की शिडाखाली बादली धरायची. पण पहिले पाणी धरायचे नाही, कारण शिडावरचे सारे मीठ त्यात उतरते. शीड धुऊन निघाले की मग बादली लावायची. कोकणात आम्ही पहिल्या सरीच्या पागोळ्या कधी धरत नसू. माझ्या आजीने ‘सुहैली’चे नाव ऐकले नव्हते, पण हा धडा तिने आम्हाला परकर नेसायच्या वयात शिकवला होता.

आंघोळ आणि धुणे खाऱ्या पाण्यात. खाऱ्या पाण्यात धुतलेला कपडा खरा वाळत म्हणून नाही. त्यातले मीठ हवेतली ओल पुन्हा ओढून घेते. आपल्याला श्रावणातल्या धुण्याचा जाच आठवतो, तो त्यांना बारा महिने. प्रवासाच्या आरंभी हवा उबदार होती, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन नाळेवरून सरळ समुद्रात उडी घेई, होडीबरोबर जोराने पोहे आणि होडी पुढे निघून जाऊ लागली, की तिच्यामागे सोडलेला दोर पकडून वर चढे. दोर हुकला तर? हा प्रश्न मला पडला, ह्यांना नाही.

आणि डागडुजी! घर आहे तिथे गळती आहे. अटलांटिकमध्येच होडीत पाणी भरू लागले. पाण्याखाली, फळ्यांच्या सांध्यांतून. सुताराला चिठ्ठी पाठवण्याची सोय नाही. हा श्वास कोंडून खाली बुडी मारी, एकदोन घाव घाली आणि वर येई. नुसता कापूस सांध्यात बसेना, तेव्हा कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवून ती पट्टी छोट्या खिळ्यांनी सांध्यावर ठोकली. मध्ये एक शार्क घिरट्या घालू लागला, त्याला गोळी घालावी लागली. आमच्या ह्यांनी शार्कचा परिच्छेद मला दोनदा वाचून दाखवला. पट्टी कशी शिवली, तो मला माझा मला वाचावा लागला.

एकदा तर तो शीड शिवत बसला होता आणि दोऱ्याची गाठ मारता मारता स्वतःची मिशीच शिडाशी बांधून बसला. चाकू हाताच्या अंतरावर नव्हता. शेवटी मानेला हिसका देऊन त्याने मिशी सोडवून घेतली. काही केस अर्थातच शिडाला अर्पण झाले. जगाला वळसा घालणारा वीर, भोवती कोस न् कोस माणूस नाही, आणि हा आपला मिशीने शिडाला बांधलेला. हे वाचून मला त्या माणसाविषयी एकदम आपुलकी वाटू लागली.

झोपेची कथा निराळी. क्षितिजावर दिसलेले मोठे जहाज वीसेक मिनिटांत अंगावर येऊ शकते. म्हणून जहाजांच्या वाटेवर एकट्या माणसाने गजर लावून वीस वीस मिनिटांच्या डुलक्या घ्यायच्या, उठून चारी दिशा पाहायच्या आणि पुन्हा पडायचे. तान्ह्या मुलाच्या आईला या झोपेचे नवल वाटणार नाही.

दुपारचे बारा वाजले, की दिवसाचे मुख्य काम. सूर्य माथ्यावर आला, की सेक्स्टंट नावाच्या यंत्राने त्याची क्षितिजापासूनची उंची मोजायची, घड्याळ पाहायचे, कोष्टके काढून गणित करायचे आणि आपण कुठे आहोत ते ठरवून नकाशावर एक फुली मारायची. आज उपग्रहांमुळे हे खिशातल्या यंत्रावर दिसते. 1968 साली रोज हिशेब करावा लागे. पूर्वेकडे जाताना दर पंधरा रेखांशांना घड्याळ एक तास पुढे करायचे. पुढे तारीखरेषा आली, की एकच वार दोनदा येतो, आणि 312 दिवसांच्या प्रवासात सूर्य 313 वेळा उगवतो. “म्हणजे एकादशी तिथं आली, तर उपास दोनदा धरायचा का हो?” असे मी ह्यांना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही.

पण त्या फुलीविषयी मला थोडे गंभीरपणे बोलायचे आहे.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर असते आणि त्यावर दुधाच्या खुणा. आठ वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, “सुधारतील, पण वेळ लागेल. वर्षही लागेल.” भेटायला येणारी माणसे चांगली होती. पण प्रत्येक जण पलीकडचा किनारा दाखवी. पुन्हा चालू लागतील का? बोलतील का? नाहीच बोलले तर? त्या प्रश्नांकडे पाहिले, की माझ्या पायांखालची जमीन हलत असे.

‘सुहैली’चे पुस्तक मी त्याआधीच वाचलेले होते. त्यातली एक गोष्ट त्या दिवसांत मला आठवे. ऑस्ट्रेलियाच्या आसपास त्या होडीचे आपोआप सुकाणू धरणारे यंत्र कायमचे मोडले. संदेश पाठवण्याचा रेडिओ त्याआधीच बंद पडला होता. पुढे अख्खा पॅसिफिक, मग केप हॉर्न, मग सारा अटलांटिक. नोव्हेंबर 1968 मध्ये न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ तो शेवटचा दिसला, त्यानंतर साडेचार महिने जगाला त्याचा ठावठिकाणा नव्हता. अशा वेळी त्या माणसाने काय केले? शिडे कमीजास्त करून होडी आपली आपण सरळ कशी चालेल ते पाहिले. बटाटे निवडले. स्टोव्ह पेटवला. दुपारी फुली मारली.

मीही कॅलेंडरवर दुधाच्या खुणेशेजारी एक आकडा लिहू लागले. पलंगापासून खिडकीपर्यंत ह्यांची पावले किती पडली, तो आकडा. पुष्कळ दिवस शून्य. मग एक, मग तीन. एखाद्या दिवशी पुन्हा शून्य. नकाशावरच्या फुल्याही नेहमी पुढे जात नाहीत. वारा उलटला तर कालच्यापेक्षा आजची मागे पडते. तरी ती मारायचीच. सकाळी अंग पुसणे, मऊ भात, औषध, चादर, व्यायाम, दुपारी आकडा. पाचव्या महिन्यात हे खिडकीशी पोचले आणि पहिला शब्द बोलले. तो शब्द ‘पाऊस’ होता. बाहेर खरेच पाऊस पडत होता, आणि माझे धुणे दोरीवर होते.

लोक अजून विचारतात, “कसं निभावलंत हो?” निभावायला मी वेगळे असे काही केले नाही. रोजचे केले. पण रोजचे करणे म्हणजे काही न करणे नव्हे, हे मला तेव्हा कळले.

त्याच शर्यतीतल्या डोनाल्ड क्रोहर्स्टची कथा मला म्हणूनच फार लागते. त्याची होडी निघाली तेव्हापासूनच गळकी होती. पुढे जावे तर मरण, मागे फिरावे तर कर्ज आणि नाचक्की. तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि आपण पृथ्वीला वळसा घालत आहोत असे खोटे ठिकाण रेडिओवरून कळवू लागला. खरी नोंदही त्याच्यापाशी होती. म्हणजे रोज दुपारी एक फुली खरी आणि दुसरी जगासाठी. जुलै 1969 मध्ये त्याची होडी सापडली; आत कुणी नव्हते. मला त्याचा राग येत नाही, जीव हळहळतो. दोन संसार एका माणसाने चालवायचे, आणि त्यातला एक कुठेही नसलेला! नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या बायकामुलांना देऊन टाकले. साऱ्या प्रवासातली त्याची ही कृती मला सगळ्यांत मोठी वाटते.

निघण्यापूर्वी आणि परतल्यावर मनाच्या डॉक्टरांनी नॉक्स-जॉन्स्टनची तपासणी केली होती. दहा महिन्यांच्या एकांताने डोके किती फिरले, हे पाहायचे होते. दोन्ही वेळा निष्कर्ष एकच : हा माणूस काळजी वाटावी इतका सर्वसाधारण आहे! आमचे हे म्हणाले, “म्हणजे लोखंडाचं मन.” मी म्हटले, “अहो, लोखंड कसलं? त्याला वेडं व्हायला सवड कुठं होती? स्टोव्हची पिन करायची होती, शीड शिवायचं होतं.” हे थोडा वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, “अगं, पण घरकामाला कुणी पदक देत नाही.” बोलताना त्यांची नजर कॅलेंडरकडे होती, म्हणून मी वाद वाढवला नाही.

पदकाचे राहू द्या. मध्यंतरी एका कचेरीत अर्ज भरताना खिडकीवरच्या मुलाने विचारले, “आजी, काय करता?” मी उत्तर देण्याआधीच त्याने लिहूनही टाकले, ‘काही नाही’. चांगला मुलगा होता, घाईत होता. पण माझ्या मनात आले, 32 फुटांच्या घरात 312 दिवस हेच सारे करणाऱ्या माणसाला राणीने पुढे ‘सर’ केले!

कुलाब्याच्या त्या होडीचा वारसा मात्र आपल्याकडे वाया गेला नाही. पृथ्वीला एकट्याने वळसा घालणारे पहिले भारतीय, नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे, 2009 च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून निघाले आणि 2010 च्या मेमध्ये परतले. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात, दिवाडी बेटावरच्या कारखान्यात बांधलेली. निघण्यापूर्वी त्यांनी सर रॉबिन यांच्याच हाताखाली, त्यांच्या होडीची देखभाल करणाऱ्या मंडळींत उमेदवारी केली होती. मग 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी यांनी मुंबई ते मुंबई ही फेरी कुठेही न थांबता पुरी केली.

आणि 2017 मध्ये गोव्याहून ‘तारिणी’ निघाली, सहा जणींना घेऊन. नौदलाच्या या सहा अधिकारी मुलींनी 254 दिवसांत सुमारे 21,600 सागरी मैलांची फेरी केली. मध्ये केप हॉर्नही ओलांडले. सहा जणी म्हणजे पाळ्या आल्या. एकीने सुकाणू धरायचे तेव्हा दुसरीने झोपायचे आणि तिसरीने चूल सांभाळायची. वर्तिका जोशी त्यांची प्रमुख. 10 सप्टेंबरला त्या निघाल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला 23 ऑक्टोबरला पोचल्या. कॅलेंडर काढून पाहा, त्या साली लक्ष्मीपूजन 19 ऑक्टोबरला होते. म्हणजे त्यांची दिवाळी भर समुद्रात झाली. पुढे 2024 च्या ऑक्टोबरमध्ये याच ‘तारिणी’तून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या आणि 2025 च्या मे महिन्यात परतल्या. त्यांचीही दिवाळी फ्रीमँटलच्या वाटेवरच आली.

या मुलींची बातमी आली, की आमचे हे विचारतात, लाटा किती उंच होत्या. मला निराळेच प्रश्न पडतात. पहाटे अभ्यंगाला गोडे पाणी एक तांब्या तरी मिळाले असेल का? डब्यात कुणाच्या आईची चकली शिल्लक असेल का, आणि ती इतक्या दमट हवेत कुरकुरीत राहिली असेल का? पणती लावली असेल, तर ती लामणदिव्यासारखी टांगली असेल की हातात धरली असेल?

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरोघरी फराळ झालेला असेल आणि घासायच्या भांड्यांचा ढीग मोरीत पडलेला असेल. तो पाहून मनाला शीण आला, तर इतके आठवा, की या क्षणीही कुठल्या तरी महासागरावर कुणीतरी कमरेला पट्टा बांधून एक पातेले खरवडत असेल. ते पातेले घासून झाले, की मग केप हॉर्न.